थीम अपडेट झाली आणि मराठी गेली

वेबसाइटची थीम अपडेट केली आणि सगळं बिघडलं, ही तक्रार परदेशातल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर दर काही महिन्यांनी येतेच. कुणी मंडळाचं संकेतस्थळ सांभाळत असतं, कुणी सुट्टीच्या दिवशी भरणाऱ्या मराठी शाळेचं, कुणाचा नुसता पाककृतींचा ब्लॉग असतो. लोगो जागेवर, फोटो जागेवर, पण मथळ्यांची अक्षरं सुटी सुटी झालेली, वेलांट्या आणि मात्रा वरून कापलेल्या, ‘पुढे वाचा’ लिहिलं होतं तिथे इंग्रजी परत आलेलं. मग गटातला एखादा जाणता सल्ला देतो, ‘चालू आहे ना? मग अपडेटच्या नादाला लागूच नका.’

हा सल्ला मला धोक्याचा वाटतो. अपडेटनं आपले बदल पुसले जातात हे खरं, पण ते पुसले जातात ते आपण ते चुकीच्या जागी लिहिलेले असतात म्हणून. आणि अपडेट टाळत राहण्याची किंमत पुसल्या गेलेल्या बदलांपेक्षा बरीच जास्त असते.

आधी आत नेमकं काय होतं ते बघू. आपल्याकडच्या पुष्कळशा हौशी वेबसाइट वर्डप्रेसवर चालतात. हे मोफत सॉफ्टवेअर २००३ साली आलं आणि थीमची सोय त्यात २००५ मध्ये आली. थीम म्हणजे सर्व्हरवरचं एक फोल्डर. पान कसं मांडायचं, मथळा केवढा, रंग कुठला, हे सांगणाऱ्या फाइली त्यात असतात. तुमचे लेख, फोटोंची नोंद, वाचकांच्या प्रतिक्रिया त्यात नसतात. त्या डेटाबेसमध्ये वेगळ्या असतात. थीमची नवी आवृत्ती आली की वर्डप्रेस जुनं फोल्डर काढून त्या जागी नवं ठेवतं. कुठली ओळ थीमच्या मूळ लेखकाची आणि कुठली तुमची, हे ते बघत नाही. भाड्याच्या घरात मालकाच्या भिंतीत देव्हारा ठोकून बसवावा आणि मालकानं ती भिंतच बदलावी, तसा हा प्रकार.

लेख सुरक्षित राहतात म्हणून पुष्कळांना हे नुकसान किरकोळ वाटतं. मराठी संकेतस्थळांच्या बाबतीत ते किरकोळ नसतं, कारण आपण थीममध्ये जे फेरफार करतो त्यांतले निम्मेअधिक सजावटीचे नसतातच. ते मराठी नीट वाचता यावी म्हणून केलेले असतात. बहुतेक थीम रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून बनतात. मथळा ऐटदार दिसावा म्हणून अक्षरांमध्ये थोडी मोकळी जागा सोडायची, ही रोमन लिपीत साधी गोष्ट आहे. देवनागरीत तीच सूचना लागू झाली की शिरोरेषा तुटते आणि शब्द माळेतून ओघळलेल्या मण्यांसारखा दिसतो. दोन ओळींमधलं अंतर रोमनला पुरेसं असतं तेव्हा ‘र्‍हस्व’ आणि ‘कैऱ्या’ एकमेकांत अडकतात. फॉन्ट नेमून दिलेला नसला तर वाचकाच्या फोनला जो सापडेल तो तो लावतो, आणि त्यात ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतला फरक धड दिसेलच याची खात्री नसते. विद्वान आणि स्वयंपाकी यांची अदलाबदल मंडळाच्या स्नेहसंमेलनाच्या पत्रिकेत तरी होऊ नये.

‘ल’ आणि ‘श’ यांचं तर आणखीच वेगळं. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयानं मराठीसाठी पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ प्रमाण ठरवले. युनिकोडमध्ये मात्र हिंदीचा ‘ल’ आणि मराठीचा ‘ल’ यांना एकच क्रमांक आहे. फॉन्टमध्ये दोन्ही आकार ठेवलेले असले तरी ब्राउझर मराठी आकार तेव्हाच दाखवतो, जेव्हा पानाच्या माथ्यावर ‘या पानाची भाषा मराठी’ अशी खूण असते. ती खूण थीमच्या फाइलीत कुणीतरी हातानं लिहिलेली असेल तर अपडेटमध्ये तीही जाते. वाचकाला काय बिघडलं ते सांगता येत नाही, फक्त पान जरा परकं वाटू लागतं.

असे बदल कसे जमत जातात हे मला दोह्यात जवळून बघायला मिळालं. इथल्या एका छोट्या मराठी गटाचं संकेतस्थळ काही वर्षं एक दादा सांभाळत होते. कतारमध्ये आपल्यापैकी कुणी कायमचं नसतं; नोकरीशी बांधलेला परवाना संपला की माणूस पुण्याला तरी जातो किंवा टोरोंटोला. दादा गेले आणि पासवर्डांचा कागद माझ्याकडे आला. आत गेल्यावर पहिली चमत्कारिक गोष्ट दिसली ती अशी की थीमचा आवृत्ती क्रमांक ९९ होता. जगातली कुठलीही थीम ९९ व्या आवृत्तीपर्यंत पोहोचल्याचं माझ्या पाहण्यात नाही. दादांनी फाइलीत तो आकडा मुद्दाम टाकला होता. वर्डप्रेस आपल्याकडचा आकडा आणि बाहेर उपलब्ध आकडा यांची तुलना करतं. आपला मोठा असेल तर अपडेटची सूचनाच दाखवत नाही. युक्ती जुनी आहे, बरेच जण करतात. कुणी बटण दाबून आपली मेहनत घालवू नये, एवढाच दादांचा हेतू होता. परिणाम असा की चार वर्षांत त्या थीमला एकही सुरक्षा-दुरुस्ती मिळाली नव्हती आणि समितीत कुणाला त्याची कल्पना नव्हती.

यातला धोका कागदोपत्री नाही. डिसेंबर २०१४ मध्ये ‘सोकसोक’ नावाच्या हल्ल्यात वर्डप्रेसवरच्या वेबसाइट मोठ्या संख्येनं बळी पडल्या. गूगलनं ११ हजारांहून अधिक डोमेन धोकादायक म्हणून काळ्या यादीत टाकली. चोरवाट होती ‘रिव्होल्यूशन स्लायडर’ या फोटो सरकवणाऱ्या प्लगिनमध्ये, आणि गंमत म्हणजे तिच्यावरची दुरुस्ती त्याच वर्षाच्या सुरुवातीला तयार झाली होती. पण हे प्लगिन पुष्कळ विकत मिळणाऱ्या थीमच्या पोटात बसवलेलं यायचं. वेबसाइटच्या मालकाला ते आपल्याकडे आहे हेच माहीत नसायचं. थीम अपडेट झाली तरच ते अपडेट होणार. आता ज्यानं ‘माझे बदल जातील’ या भीतीनं थीमला हात लावायचा नाही असं ठरवलं होतं, त्याचं दार किती महिने उघडं राहिलं असेल याचा हिशेब करा. मंडळाच्या संकेतस्थळावर सभासदांचे फोन नंबर असतात, मुलांचे फोटो असतात, कधी वर्गणीची नोंदही असते.

मग दादांचे बदल आणि नव्या दुरुस्त्या दोन्ही कसे ठेवायचे? पहिला प्रश्न होता तो दादांनी नेमकं काय बदललंय हा. कुठेही नोंद नव्हती, दादांनाही आठवत नव्हतं. थीमबरोबर आलेल्या माहितीच्या फाइलीत मूळ आवृत्तीचा खरा क्रमांक मात्र शाबूत होता. वर्डप्रेसच्या अधिकृत संग्रहात मोफत थीमच्या जुन्या आवृत्त्या जपून ठेवलेल्या असतात, तिथून नेमकी तीच उतरवून घेतली आणि दोन्ही फोल्डर ‘डिफ’ या आज्ञेनं ताडून पाहिले.

इथे थोडं विषयांतर करते, कारण ते माझ्या रोजच्या कामाचं आहे. जनुकीय माहितीत दोन साखळ्या शेजारी ठेवायच्या आणि कुठे अक्षर बदललं, कुठे गळलं, कुठे शिरलं ते शोधायचं, हे आमच्या क्षेत्राचं मुळाक्षर. १९७० मध्ये नीडलमन आणि वुन्श यांनी प्रथिनांच्या साखळ्या जुळवण्याची पद्धत मांडली. त्याच दशकात बेल लॅब्समध्ये डग्लस मॅकिलरॉय आणि जेम्स हंट यांनी दोन फाइलींमधला फरक दाखवणारा ‘डिफ’ तयार केला. दोन्हींच्या पोटातलं गणित जवळजवळ सख्खं भावंडं आहे: दोन ओळींत क्रम न मोडता जास्तीत जास्त काय सारखं आहे ते शोधा, उरलं तो फरक. फोल्डरमध्ये शेकड्यांनी फाइली होत्या. फरक निघाला चार फाइलींत, एकूण एकसष्ट ओळींचा. चार वर्षं ज्याच्या भीतीनं अपडेट अडलं होतं ते सगळं एका कागदावर मावत होतं.

या एकसष्ट ओळींची योग्य जागा म्हणजे चाइल्ड थीम. नाव भारदस्त असलं तरी ते आणखी एक छोटं फोल्डर असतं. त्यातल्या स्टाइलच्या फाइलीच्या माथ्यावर ‘माझी मूळ थीम अमुक’ असं लिहायचं आणि खाली फक्त आपले बदल. वर्डप्रेस मूळ थीम वाचतं आणि आपली फाइल नीट जोडलेली असली की तिच्यावर आपले बदल चढवतं. अपडेट मूळ फोल्डर बदलतं, आपल्या फोल्डरकडे बघतही नाही. ही कल्पना वर्डप्रेसनं शोधलेली नाही. होकोन विउम ली यांनी ऑक्टोबर १९९४ मध्ये सर्नमध्ये असताना वेबपानांच्या शैलीसाठी जो प्रस्ताव मांडला, ज्याला आपण आज सीएसएस म्हणतो, त्याचा गाभाच हा होता की शैली अनेक ठिकाणांहून यावी, थर वेगळे राहावेत आणि वरचा थर खालच्यातलं हवं तेवढंच बदलावा. म्हणून मथळ्याच्या अक्षरांतली मोकळी जागा शून्य करायला आख्खी फाइल लागत नाही, दोन ओळी पुरतात.

चाइल्ड थीम केली की काम झालं असं मात्र नाही, आणि मराठीत वा इंग्रजीत मिळणारे सल्ले इथेच थांबतात म्हणून मला त्यांचा राग येतो. पान मांडणारी एखादी फाइल तुम्ही मूळ थीममधून उचलून चाइल्ड थीममध्ये ठेवली, की तुमची प्रत चालते आणि मूळ फाइल बाजूला पडते. उद्या मूळ लेखकानं त्या फाइलीतली चूक दुरुस्त केली तरी ती तुमच्यापर्यंत येत नाही. मी अशा चाइल्ड थीम पाहिल्या आहेत ज्यांत मूळ थीमच्या वीस-वीस फाइली जशाच्या तशा उतरवलेल्या होत्या, बदल मात्र दोन शब्दांचा. हे म्हणजे ९९ आकड्याचंच सभ्य रूप. तेव्हा फाइल उचलण्याआधी विचारावं की हे काम एका ओळीच्या शैलीनं होतंय का. फोटोसंग्रह, कार्यक्रमांची यादी, सभासद-अर्ज अशा सोयी तर थीममध्ये नसाव्यातच; त्या प्लगिनमध्ये असाव्यात, म्हणजे थीम बदलली तरी टिकतात.

आणखी एक खड्डा आहे तो चाइल्ड थीमकडे जाताना लागतो. ‘कस्टमायझर’मधून निवडलेले रंग, मथळ्याचं चित्र, तिथल्याच चौकटीत लिहिलेलं जादा सीएसएस, हे सगळं डेटाबेसमध्ये राहतं, त्यामुळे अपडेटनं पुसलं जात नाही. पण ते थीमच्या नावाला बांधलेलं असतं. चाइल्ड थीम सुरू केली की वर्डप्रेसच्या लेखी ती वेगळी थीम, त्यामुळे रंग मूळपदावर येतात आणि माणूस घाबरून परत मागे फिरतो. काहीही हरवलेलं नसतं; जुनी थीम सुरू केली की ते तिथेच दिसतं. आधी टिपून घ्यावं आणि नव्या ठिकाणी पुन्हा भरावं. २०२२ पासून आलेल्या ‘ब्लॉक थीम’मध्ये पानाचा साचासुद्धा संपादकात बदलता येतो आणि तो बदल डेटाबेसमध्ये जातो. तिथे अपडेटची भीती कमी झाली, पण एकदा साचा बदलून ठेवला की तुमचीच प्रत दिसत राहते आणि थीममधली त्या साच्याची सुधारलेली आवृत्ती झाकली जाते. म्हणजे प्रश्न जागा बदलून तोच.

हा प्रश्न वेबसाइटपुरता नाही, म्हणून मला तो इतका जवळचा वाटतो. मानवी जनुकसंचाचा एक सामायिक संदर्भ जगभरच्या प्रयोगशाळा वापरतात, सुमारे तीन अब्ज अक्षरांचा. त्याची ३७ वी आवृत्ती २००९ ची, ३८ वी डिसेंबर २०१३ ची. नव्या आवृत्तीत चुका दुरुस्त झाल्या, पोकळ्या भरल्या, पण त्यामुळे अक्षरांचे क्रमांक सरकले. ज्यांनी आपल्या नोंदी जुन्या क्रमांकांवर रचल्या होत्या त्यांचं सगळं हलवणं आलं, आणि अनेक प्रयोगशाळा वर्षानुवर्षं ३७ वरच राहिल्या. कारण ऐकलंत तर तुम्हाला ओळखीचं वाटेल: चालू आहे ना? दोन मोठ्या आवृत्त्यांच्या मधल्या काळात मात्र संदर्भ सांभाळणाऱ्यांनी शहाणपणाची वाट काढली. दुरुस्त्या मूळ साखळीत न घुसवता वेगळे तुकडे म्हणून शेजारी द्यायच्या, म्हणजे मूळ क्रमांक हलत नाहीत. ३८ व्या आवृत्तीच्या अशा चौदा पुरवण्या २०२२ पर्यंत निघाल्या. ही आमची चाइल्ड थीमच.

कतारमध्ये तर याचं आणखी बोलकं उदाहरण आहे. सामायिक संदर्भ इथल्या अरब लोकसंख्येला नेमका लागू पडत नाही, म्हणून १,१६१ कतारी व्यक्तींच्या जनुकीय माहितीच्या आधारे इथल्या लोकांसाठी वेगळा संदर्भ तयार केला गेला. तो शोधनिबंध २०१६ मध्ये आला. जागतिक थीमवर स्थानिक फेरफार, दुसरं काय? त्या कामाची सगळ्यात मोलाची गोष्ट मला विचाराल तर फेरफार करून तयार झालेली साखळी नव्हे. कुठलं अक्षर कतारमध्ये किती जणांत आढळतं याची वारंवारता, हा खरा ठेवा. मूळ संदर्भ बदलला तरी ती नव्या संदर्भावर पुन्हा चढवता येते. साखळी हाती राहिली आणि यादी हरवली तर बसा शोधत, दादांच्या एकसष्ट ओळींसारखे.

सगळा भार हौशी स्वयंसेवकावर टाकणंही मला मान्य नाही. वर्डप्रेसच्या प्रशासन पानावर थीमच्या फाइली थेट बदलण्याची खिडकी अजून उपलब्ध असते. २०१७ पासून ती उघडताना इशारा दिसतो, पण इशारे वाचतो कोण? ती खिडकी बंद करायची सोय सेटिंगच्या फाइलीतल्या एका ओळीनं होते. मूळपासून ती बंद असावी आणि ज्याला हवी त्यानं उघडावी, असं माझं मत आहे. मंडळांनी तर ती आजच बंद करावी.

आणि काही बदल आपण जपण्याऐवजी सोडून द्यावेत. दादांच्या एकसष्ट ओळींपैकी नऊ भाषेची खूण आणि महिन्यांची नावं मराठीत आणण्यासाठी होत्या. वेबसाइटची भाषा मराठी निवडली की हे वर्डप्रेस स्वतःच करतं. दादांनी ती इंग्रजी ठेवली होती कारण समितीला आतली बटणं इंग्रजीत हवी होती. पण २०१६ च्या अखेरीपासून प्रत्येक सदस्याला आतली भाषा वेगळी निवडता येते. नऊ ओळी गेल्या. ‘पुढे वाचा’, ‘प्रतिक्रिया’ यांसाठी बारा ओळी होत्या; ती कामं थीमच्या भाषांतराची. वर्डप्रेसच्या भाषांतर प्रकल्पात मराठी शब्द भरून मंजूर झाले की ते त्या थीमच्या प्रत्येक मराठी वापरकर्त्याला आपोआप मिळतात. जो बदल सगळ्या मराठी वाचकांना हवा आहे तो प्रत्येकानं आपापल्या फोल्डरात लपवून ठेवण्यात काय हशील?

अरबीकडे पाहिलं की हे जास्त पटतं. दोह्यातल्या त्या संकेतस्थळावर सभागृहाचा पत्ता अरबीतही होता. अरबी उजवीकडून डावीकडे चालते, तिची अक्षरं एकमेकांना जोडलेली असतात आणि अक्षरांत मोकळी जागा टाकली तर तीही बऱ्याचदा शिरोरेषेसारखी तुटतात. पण वेबसाइटची भाषा अरबी निवडली की आख्खं पान उलटं मांडायची सोय वर्डप्रेसमध्ये मुळातच आहे, आणि त्यासाठी वेगळी शैली थीमबरोबर देण्याची पद्धत रुळलेली आहे. उजवीकडून लिहिणाऱ्यांची गरज मूळ सॉफ्टवेअरमध्ये पोहोचली, म्हणून ती अपडेटमध्ये पुसली जात नाही. मराठीची गरज त्या मानानं फारच लहान आहे. मराठी पानावर मथळ्याची अक्षरं पसरवू नका आणि ओळींना थोडी जास्त उंची द्या, एवढंच सीएसएसला सांगायचं असतं, आणि भाषेनुसार नियम लावायची सोय त्यात आहेच. ‘ट्वेंटी ट्वेंटी’ या वर्डप्रेसच्या स्वतःच्या थीममध्ये मराठीसह काही भाषांसाठी फॉन्टचा वेगळा विचार केलेला आहे, म्हणजे मागितलं तर ऐकतात.

शेवटी चाइल्ड थीममध्ये राहिल्या अठ्ठावीस ओळी, उरलेल्या निकामी निघाल्या. प्रत्येक ओळीपाशी ती का आहे हे मराठीत लिहून ठेवलंय: ‘इथे शिरोरेषा तुटते’, ‘इथे मात्रा कापली जाते’. आधी वेबसाइटची प्रत माझ्या लॅपटॉपवर चालवून अपडेट तिथे केलं, चार पानं फोनवर आणि संगणकावर पाहिली, मग पूर्ण बॅकअप घेऊन खऱ्या ठिकाणी. एका शुक्रवारची दुपार गेली. चाइल्ड थीमचं फोल्डर समितीच्या सामायिक ड्राइव्हवर आहे, हिशेबाच्या वहीशेजारी, आणि पुढच्या समितीला सोपवायच्या यादीत त्याचं नाव घातलंय. शिरोरेषा आणि ओळींच्या उंचीची विनंती थीमच्या लेखकाला दोन चित्रांसह पाठवली आहे. उत्तर अजून आलेलं नाही. आलं आणि ते बदल मूळ थीममध्ये गेले, तर आमच्या अठ्ठावीस ओळींतल्या सहा कमी होतील.